वाट शोधणारा उंदीर: विद्यार्थ्यांचा गट मायक्रोमाउस कसा घडवतो

तळहातावर मावणारे, चाकांवर चालणारे एक यंत्र अनोळखी भुलभुलैयाच्या कोपऱ्यात ठेवायचे, कळ दाबायची आणि हात मागे घ्यायचा. त्यानंतर रिमोट नाही, संगणकाची तार नाही, बाजूला उभे राहून सूचना देणे नाही. यंत्राने स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे आणि मध्यभागी पोहोचावे. मायक्रोमाउस या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा ४० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मुंबईच्या आयआयटीतील टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवातही ती भरलेली आहे. स्वायत्त रोबो म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांच्या गटाने हाताने काम करून समजून घ्यावे, यासाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही.

भुलभुलैयाच्या पटाची मापे ठरलेली आहेत. लांबीला १६ आणि रुंदीला १६ अशी एकूण २५६ घरे, प्रत्येक घर १८ सेंटिमीटरचे. भिंती ५ सेंटिमीटर उंच आणि १.२ सेंटिमीटर जाड, बाजूंनी पांढऱ्या, माथ्यावर लाल, जमीन काळी. निघायचे कोपऱ्यातील घरातून आणि पोहोचायचे मधल्या ४ घरांच्या चौकात. भिंती कोठे आहेत हे यंत्राला आधी सांगितलेले नसते. ठरलेल्या काही मिनिटांत यंत्र अनेक फेऱ्या करू शकते आणि त्यांतील सर्वांत जलद फेरी गुणांसाठी धरली जाते. म्हणून पहिली फेरी सावकाश, वाट पाहून घेण्याची असते आणि नंतरच्या फेऱ्या धावण्याच्या असतात. ही दोन कामे एकाच यंत्राकडून करून घ्यायची आहेत, हे गटाने आराखडा काढण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

भुलभुलैयातून वाट काढणारा यांत्रिक उंदीर ही कल्पना स्पर्धेहून जुनी आहे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये थीसियस नावाचा उंदीर तयार केला होता. तो २५ घरांच्या पटावर चाचपडत वाट शोधत असे आणि दुसऱ्यांदा सोडल्यावर न चुकता जात असे. मात्र त्याची स्मरणशक्ती त्याच्यात नव्हती; ती पटाखाली बसवलेल्या रिलेंमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या कळांमध्ये, होती आणि पटाखालचे चुंबक त्या उंदराला ओढून नेत असे. आजच्या स्पर्धेतील उंदराला डोळे, पाय, मेंदू आणि शिदोरी हे सारे स्वतःच्या अंगावर वाहून न्यावे लागते. १९७७ मध्ये अमेरिकेतील आयईईई स्पेक्ट्रम या नियतकालिकाने अशा स्पर्धेची घोषणा केली आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथे तिची अंतिम फेरी झाली. त्या वेळी भुलभुलैयातून बाहेर पडण्याचे दार पटाच्या कडेला होते, त्यामुळे केवळ एका बाजूच्या भिंतीला धरून पळणाऱ्या साध्या यंत्रांनी विचार करणाऱ्या यंत्रांना सहज मागे टाकले. पुढच्याच वर्षी लंडन येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेसाठी पोर्ट्समथ पॉलिटेक्निकचे जॉन बिलिंग्सली यांनी लक्ष्य मध्यभागी आणले. एवढ्या एका बदलाने स्पर्धेचे स्वरूप पालटले.

तो बदल इतका परिणामकारक का ठरला, हे आधी पाहू. अंधाऱ्या वाड्यात डावा हात भिंतीवर ठेवून चालत राहिले तर माणूस कधी ना कधी दारापाशी येतो, कारण दार हे त्याच सलग भिंतीचा भाग असते. लक्ष्य मधे असले आणि त्याच्या भोवतालच्या भिंती बाहेरच्या भिंतीला कोठेही जोडलेल्या नसल्या, तर हाच माणूस बाहेरच्या भिंतीला धरून फिरत राहील आणि निघाला तेथेच परत येईल. मधल्या चौकाचे त्याला दर्शनही होणार नाही. म्हणजे भिंतीला धरून चालणे पुरेसे नाही. पटाचा नकाशा मनात काढावा लागतो.

नकाशावरून वाट ठरवण्याची सर्वांत प्रचलित रीत पाण्याच्या उदाहरणाने समजते. मधल्या चौकात पाणी ओतत आहोत आणि ते चहूकडे पसरत आहे, अशी कल्पना करावी. चौकातील ४ घरांना शून्य आकडा द्यायचा. तेथून पाणी पहिल्या टप्प्यात ज्या घरांत शिरेल त्यांना १, त्यांच्या पुढच्या घरांना २, असे करत सारा पट भरायचा. भिंत असेल तेथून पाणी जात नाही, ते वळसा घेते आणि त्या बाजूच्या घरांना मोठे आकडे मिळतात. सुरुवातीला यंत्राला एकही भिंत ठाऊक नसते, म्हणून ते सारा पट मोकळाच आहे असे धरते. तसे धरले की कोपऱ्यातील घराला १४ हा आकडा येतो. यंत्राचा नियम एकच: शेजारच्या मोकळ्या घरांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान त्यात जायचे. पुढे गेल्यावर भिंत आडवी आली की ती नकाशात नोंदवायची, पाणी नव्याने पसरवायचे आणि नव्या आकड्यांप्रमाणे उतारावर चालू लागायचे. या रीतीला फ्लड फिल म्हणतात.

येथे नवख्या गटांकडून हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. भिंत ही दोन घरांमधली असते. एका घराच्या पूर्वेची भिंत हीच शेजारच्या घराच्या पश्चिमेची भिंत. नोंद एकाच बाजूने केली तर पाणी एका दिशेने अडते आणि उलट दिशेने आरपार जाते, आकडे विसंगत होतात आणि यंत्र दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की भिंत पाहणारा सेन्सर बिघडला आहे.

मधल्या चौकात एकदा पोहोचलो म्हणजे जवळची वाट सापडली, असेही नसते. न पाहिलेल्या भागात याहून आखूड वाट असू शकते. ती आहे की नाही हे ठरवण्याची युक्ती मला फार आवडते. पाणी दोनदा पसरवायचे. एकदा, जी भिंत पाहिलेली नाही ती नाहीच असे धरून. दुसऱ्यांदा, जी पाहिलेली नाही ती आहेच असे धरून. पहिले उत्तर सर्वांत आशावादी, दुसरे सर्वांत सावध. दोन्हींत कोपऱ्याचा आकडा सारखाच आला, तर न पाहिलेल्या घरांत काहीही असले तरी याहून कमी घरांची वाट असू शकत नाही. आकडे वेगळे आले, तर आशावादी वाटेवरील न पाहिलेली घरे पाहून यावीत. परतीच्या प्रवासात हे काम होऊन जाते, त्यामुळे मध्यभागी पोहोचल्यावर यंत्राला उचलून आणण्यापेक्षा त्याला चालत परत येऊ देणे लाभाचे असते.

या साऱ्याला किती मोठा मेंदू लागतो? एका घराच्या ४ भिंती ४ बिटांत मावतात, म्हणून २५६ घरांच्या भिंतींना १२८ बाइट पुरतात. पाण्याच्या आकड्यांना प्रत्येकी एक बाइट धरला तर आणखी २५६. शाळा-महाविद्यालयांत सर्वत्र दिसणाऱ्या आर्डुइनो उनो आर३ या छोट्या नियंत्रक पाटीवरील चिपमध्ये २ किलोबाइट कार्यस्मृती (रॅम) असते, तिच्या पाव भागातही हा नकाशा बसतो. वाट शोधण्याचा कोड एखादा चिकाटीचा विद्यार्थी दोन आठवड्यांत लिहितो आणि संगणकाच्या पडद्यावर त्याचा उंदीर पहिल्याच दिवशी मध्यभागी पोहोचतो. मग खरे यंत्र तिसऱ्या वळणावर भिंतीला का धडकते? कारण पडद्यावरच्या उंदराला आपण कोणत्या घरात आहोत हे नेहमी ठाऊक असते आणि पटावरच्या उंदराला ते कधीच पुरते ठाऊक नसते. या प्रकल्पातील बहुतेक कष्ट या एका अज्ञानाशी झगडण्यात जातात.

आकडे घेऊन पाहू. समजा, चाकाचा व्यास ३२ मिलिमीटर आहे. म्हणजे परीघ सुमारे १००.५ मिलिमीटर आणि एक घर ओलांडायला चाकाचे साधारण १.७९ फेरे. मोटरीच्या मागच्या टोकाला चुंबकाची चकती आणि चुंबक ओळखणारे दोन हॉल सेन्सर असलेला एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारे उपकरण, आहे; तो मोटरीच्या एका फेऱ्याला २८ खुणा मोजतो आणि गिअरचे प्रमाण १ ला ३० आहे. मग चाकाच्या एका फेऱ्याला ८४० खुणा आणि एका घराला सुमारे १,५०४ खुणा होतात. एक खूण म्हणजे ०.१२ मिलिमीटर. इतके बारीक माप हाती असताना यंत्र भरकटावे कसे, असा प्रश्न पडतो. पण मोजले जाते ते चाकाचे फिरणे; यंत्राचे सरकणे नव्हे. रबर दबते, चाक घसरते, टायरवर धूळ बसते. चाकाच्या व्यासात १ टक्क्याची चूक असली, तर पटाची २.८८ मीटर लांबी सरळ पार करताना जवळजवळ ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. वळणाची कथा याहून कठीण आहे. दोन चाकांमधील अंतर ८० मिलिमीटर असेल, तर जागच्या जागी काटकोनात वळताना प्रत्येक चाक ६२.८ मिलिमीटर चालते, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येक चाक त्यात फक्त १ मिलिमीटर जास्त चालले, तर यंत्र सुमारे १.४ अंश जास्त वळते. डोळ्याला हे दिसत नाही. परंतु पुढच्या एका घरात ते यंत्र साडेचार मिलिमीटर बाजूला सरकते, आणि चार घरांत १८ मिलिमीटर. मोकळी वाट १६.८ सेंटिमीटर रुंद आणि यंत्र १० सेंटिमीटर रुंद असले, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३.४ सेंटिमीटरच जागा असते. दोन-तीन वळणांची चूक एकाच बाजूला साचली की ही जागा संपते.

म्हणून चाकांच्या मोजणीवर सर्वस्वी विसंबता येत नाही. बाहेरच्या खुणा पाहून वारंवार हिशेब दुरुस्त करावा लागतो. बाजूच्या भिंतींपासूनचे अंतर पाहिले की डावे-उजवे दुरुस्त होते, समोरच्या भिंतीने पुढचे अंतर कळते. त्याहून उपयोगी खूण म्हणजे भिंतीचा शेवट. बाजूची भिंत जेथे संपते तेथे सेन्सरचे माप एकदम कोसळते, आणि भिंत घरांच्या कोपऱ्यावरील खांबापाशीच संपत असल्याने त्या क्षणी आपण घराच्या कोणत्या भागात आहोत हे यंत्राला नेमके कळते. लांबच्या प्रवासात मैलाचा दगड दिसावा तसे हे आहे. ही एक दुरुस्ती कोडमध्ये आणली की यंत्राच्या चालीत पडणारा फरक मी दर वेळी नव्या आनंदाने पाहतो.

भिंत पाहण्यासाठी बहुतेक गट डोळ्याला न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश वापरतात. एक एलईडी प्रकाश टाकतो, पांढऱ्या भिंतीवरून तो परततो आणि शेजारचा फोटोट्रान्झिस्टर तो किती परतला हे मोजतो. भिंत जवळ असेल तर माप मोठे, दूर असेल तर लहान; मात्र अंतर दुप्पट झाले म्हणून माप निम्मे होत नाही, ते त्याहून फार वेगाने घसरते. त्यामुळे प्रत्यक्ष भिंतीपुढे यंत्र दर सेंटिमीटरला उभे करून मापांचे कोष्टक करावे लागते, आणि ते प्रत्येक सेन्सरसाठी वेगळे करावे लागते. यात सर्वांत मोठा अडथळा सूर्याचा. मी मार्गदर्शन केलेल्या एका गटाचे यंत्र रात्री उत्तम चालत असे आणि सकाळी त्याच पटावर खिडकीकडच्या बाजूला गेले की भिंत नसलेल्या ठिकाणी भिंत पाहत असे. मुलांनी दोन दिवस कोड तपासण्यात घालवले. ट्यूबलाइटच्या उजेडात अवरक्त भाग अगदी कमी असतो, उन्हात तो भरपूर असतो. फोटोट्रान्झिस्टर त्या उन्हालाच परतलेला प्रकाश समजत होता. यावर उपाय सोपा आहे. एलईडी बंद ठेवून एक माप घ्यायचे, लगेच एलईडी पेटवून दुसरे घ्यायचे, आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. सभोवतालचा उजेड दोन्हींत सारखाच असल्याने तो वजाबाकीत निघून जातो. ऊन थेट सेन्सरवर पडून तो पूर्ण भरून गेला तर मात्र वजाबाकीही उपयोगी पडत नाही, तेथे सेन्सरभोवती काळी नळी बसवून आडोसा करावा लागतो.

आता मधून चालण्याविषयी. अरुंद बोळातून स्कूटर चालवणारा माणूस डाव्या भिंतीच्या जवळ गेला की हँडल उजवीकडे वळवतो. जितका जास्त जवळ तितका जास्त वळवतो. यंत्रालाही हाच नियम देता येतो: मध्यापासून जितके सरकलो तितका दोन्ही चाकांच्या वेगात फरक करायचा. पण एवढेच केले तर यंत्र मध्य ओलांडून पलीकडे जाते, मग परत अलीकडे येते आणि झोपाळ्यासारखे हेलकावत राहते. स्कूटरवाला तसे करत नाही, कारण तो मध्य जवळ येऊ लागताच हँडल सोडू लागतो. म्हणजे तो किती सरकलो एवढेच पाहत नाही, ते सरकणे किती वेगाने कमी होत आहे हेही पाहतो. या दुसऱ्या भागाला यंत्रात जागा दिली की हेलकावे शमतात. पहिल्या भागाला पी आणि दुसऱ्याला डी म्हणतात. साचत गेलेल्या चुकीचा आय नावाचा तिसरा भाग सरळ चालण्यासाठी फारसा लागत नाही. दोन्हींचे आकडे सूत्राने काढण्यापेक्षा पटावर ठरवणेच बरे: डी शून्य ठेवून पी वाढवत न्यावा, यंत्र हेलकावू लागले की थांबावे, मग हेलकावे थांबेपर्यंत डी वाढवावा.

हा सारा हिशेब ठरलेल्या वेळी व्हावा लागतो, सहसा दर मिलिसेकंदाला एकदा. अर्धा मीटर प्रतिसेकंद या वेगाने यंत्र एका मिलिसेकंदात अर्धा मिलिमीटर पुढे जाते, तेवढे चालते. परंतु यंत्र काय करते आहे हे पाहण्यासाठी विद्यार्थी त्याच चक्रात संगणकाला मजकूर पाठवण्याची ओळ टाकतात. ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाने २० अक्षरे पाठवायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. पाठवणीसाठीचा छोटा साठा भरला की चिप थांबून राहते आणि तेवढ्या वेळात यंत्र एक सेंटिमीटर आंधळेपणाने चालते. ओळ काढली की यंत्र सुधारते, घातली की बिघडते, आणि तपासणाऱ्याला बिघाड कधीच सापडत नाही. मापे स्मृतीत साठवावीत आणि यंत्र थांबल्यावर पाठवावीत.

विजेचा भाग थोडक्यात. दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि उतरताना कमी देते, म्हणून मोटरीला तीच आज्ञा दिली तरी वेग बदलतो. वेग एन्कोडरने मोजून सांभाळावा. मोटरीला वीज पुरवणारी चिप म्हणजे मोटर ड्रायव्हर; जुना एल २९८ ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, टीबी ६६१२ त्यामानाने फारच कमी. दोन्ही मोटरी एकदम सुरू झाल्या की क्षणभर व्होल्टेज खाली येते, चिप पुन्हा सुरू होते आणि काढलेला सारा नकाशा नाहीसा होतो. म्हणून चिपला व्होल्टेज स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर आणि ड्रायव्हरजवळ वीज साठवणारा मोठा कपॅसिटर द्यावा. लिपो सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये आणि चार्जिंगला लावून खोली सोडून जाऊ नये. हे सामान पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हाताळून घेता येते, आणि चाके व गिअर तरी हाताळूनच घ्यावेत.

गट चार जणांचा असावा असे मला वाटते: सांगाडा, वीज, चाल आणि वाट शोधणे. मात्र कामे वाटून घेतल्यावर प्रत्येक जण आपापल्या खोलीत महिनाभर काम करतो आणि शेवटच्या आठवड्यात चारही भाग जोडले जातात, तेव्हा प्रत्येकाचा भाग चालू असतो आणि यंत्र बंद असते. सांगाडा करणाऱ्याने चाक ३२ ऐवजी ३४ मिलिमीटरचे बसवले आणि चालीचा कोड लिहिणाऱ्याला सांगितले नाही, इतके कारण पुरते. म्हणून पहिल्याच दिवशी भागांमधील देवाणघेवाण कागदावर लिहून ठेवावी. वाट शोधणाऱ्याने चालीकडे तीनच गोष्टी मागाव्यात: एक घर पुढे जा, डावीकडे किंवा उजवीकडे वळ, आणि या घराच्या भिंती सांग. चाल कशी होते हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. असे केले की वाट शोधण्याचा कोड संगणकावर खोट्या पटाशी जोडून शेकडो भुलभुलैयांवर तपासता येतो आणि तोच कोड, एक ओळही न बदलता, खऱ्या यंत्रावर चढवता येतो. चाकाचा व्यास, दोन चाकांमधील अंतर, सेन्सरची कोष्टके ही मापे एकाच फाइलमध्ये असावीत आणि बदल करणाऱ्याने तारीख घालून वहीत नोंद करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही.

पूर्ण पट बांधायला २८९ खांब आणि जवळजवळ तीन मीटरची चौरस जागा लागते, ती फार थोड्या महाविद्यालयांत मिळते. ५ गुणिले ५ घरांचा, साधारण ९० सेंटिमीटरचा पट प्लायवूड व एमडीएफच्या पट्ट्यांतून आठवड्यात होतो आणि वर्षभर पुरतो. फक्त त्यावर सरळ धाव चारच घरांची मिळते, म्हणून लांब धावेतील चूक पाहण्यासाठी व्हरांड्यात एकच लांब गल्ली वेगळी मांडावी. त्या गल्लीत यंत्र दहा वेळा सोडावे आणि प्रत्येक वेळी ते कोठे थांबले तेथे खडूने खूण करावी. सगळ्या खुणा एका जागी पण चुकीच्या जागी असतील, तर चाकाचे माप चुकले आहे आणि ते आकडा बदलून दुरुस्त होते. खुणा विखुरलेल्या असतील, तर चाक घसरत आहे. तेथे कोडमध्ये हात घालण्याआधी टायर चिकटपट्टीने पुसून पाहावे आणि वेगवाढ हळू करावी.

अव्वल यंत्रे धावण्याची फेरी चार सेकंदांच्या आसपास संपवतात. ती नागमोडी वाटेत प्रत्येक घरात वळण्याऐवजी खांबांच्या मधून तिरकी जातात, आणि काहींच्या पोटाखाली हवा ओढणारा पंखा असतो, तो यंत्राला जमिनीशी दाबून धरतो म्हणजे वळणावर चाक घसरत नाही. ती वाट निवडताना घरे मोजत नाहीत, वेळ मोजतात. तीन वळणांच्या आखूड वाटेपेक्षा एका वळणाची लांब वाट त्यांना जलद पडते. पहिल्या वर्षीच्या गटाने या गोष्टींच्या मागे लागू नये. पहिली फेरी अर्धा मीटर प्रतिसेकंदाच्या आत ठेवावी, नकाशा पूर्ण होताच तो वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहावा, आणि त्यानंतरच प्रत्येक फेरीला वेग थोडा थोडा वाढवत जावे. एखाद्या फेरीत यंत्र धडकले, तर आधीच्या फेरीची नोंदलेली वेळ हातात राहते आणि नकाशाही राहतो. कोपऱ्यात परत ठेवून, एक पायरी कमी वेगाने, त्याला पुन्हा सोडता येते.